क्यू की ग्रेडी

ऑगस्टात आमच्या एल्म फेरी गावात सकाळी सातलाच शर्ट पाठीला चिकटतो. हायस्कूलच्या मैदानामागे पत्र्याची एक बैठी खोली आहे, तिथं आम्ही चार कोच रोज सरावाआधी बसायचो. खिडकीतला एसी गारव्यापेक्षा गोंगाटच जास्त करायचा, त्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत, आणि बाहेरच्याला वाटे आत भांडण चाललंय. त्या सकाळी मात्र खरंच भांडण चाललं होतं.

टेबलाच्या टोकाला मुख्य कोच रँडल स्टोक्स, पुढ्यात उकडलेल्या शेंगांची पिशवी. हा माणूस बोलायचा कमी आणि सोलायचा जास्त. त्याच्या शेजारी हार्लन येट्स. बचावाची सगळी आखणी त्याच्याकडे. वय तिशीच्या आत, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. समोर क्लिओटिस मॅब्री, लाइनबॅकरांचे कोच, साठी ओलांडलेले, वर्गात भूगोल शिकवणारे. हार्लन शाळेत असताना त्यांच्याच हाताखाली लाइनबॅकर म्हणून खेळला होता. आता हुद्द्यानं तो वरचा, पण तोंडातून 'कोच, तुम्ही' हेच निघायचं, आणि मॅब्री त्याला 'हार्लन, तू' म्हणायचे. चौथा मी, वेन्डेल. चढाईच्या पुढच्या फळीतली धिप्पाड पोरं माझ्या ताब्यात, आणि शाळेत सुतारकामाचा वर्ग.

पंचाईत अशी झाली होती की गेल्या वर्षीचे आमचे दोन्ही मधले लाइनबॅकर शाळा संपवून निघून गेले होते. लाइनबॅकर म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉलात बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा गडी. समोरच्यांनी चेंडू हलवला की धाव येतेय का पास, डावीकडून का उजवीकडून, हे त्यानं पापणी लवायच्या आत ओळखायचं आणि जाऊन भिडायचं. तो चुकला की मागे मोकळं रान. जागा दोन, आणि नव्या पोरांत नाव घ्यावं असे तिघं.

एझ्रा फोर्डमबद्दल वादच नव्हता. तो पोरगा कधी डोळ्यात भरायचा नाही, पण कधी चुकायचाही नाही. एक जागा त्याची. राहिली एक.

"दुसरीचं बोला," स्टोक्स म्हणाला.

"बोलायचं काय त्यात?" हार्लन म्हणाला. "ग्रेडी. त्याला आपली सगळी आखणी तोंडपाठ आहे. परवा मी स्वतः एक इशारा चुकलो, तर त्यानं मला सुधारलं."

"घरातच कोच असल्यावर काय," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. ग्रेडी हा रँडल स्टोक्सचा धाकटा मुलगा.

"क्यू," मॅब्री म्हणाले.

हार्लननं दोन्ही हात डोक्यावर नेले. "कोच! क्यू धावतो झकास, कबूल. पण धावतो कुठं? काल सगळे उजवीकडे आणि हा एकटा डावीकडे. मला वाटलं, घरी निघाला!"

"वेगात निघाला होता ना?"

"चुकीच्या बाजूला वेगात!"

"म्हणजे दोष एकच. बाजू. बाजू मी बदलून देतो. तू कुणाचा वेग बदलून दाखव."

"हे ऐकायला छान वाटतं, कोच. गावातला प्रत्येक जण नववीपासून म्हणतोय, आपला क्यू, क्विन्टेरियस पोप, काय गडी आहे, काय खांदे आहेत! तीन वर्षं झाली, खांदे तिथंच आणि डोकंही तिथंच."

"डोक्याबद्दल बोलू नकोस," मॅब्री म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हार्लनचे हात खाली आले. "माझ्या वर्गात त्यानं नकाशा एकदा बघितला की झाला. त्याला डोकं आहे. त्याला आजवर कुणी शिकवलं नाही. सगळे नुसते त्याच्याकडे बघत बसले. लहान मुलांच्या संघात हा चेंडूच्या मागे सुटायचा आणि सगळ्यांच्या आधी पोचायचा. मग कशाला कोण शिकवेल? आता समोरचे मोठे झाले, फसवायला लागले, आणि हा अजून चेंडूच्या मागेच सुटतोय. जे कधी शिकवलंच नाही ते शिकवल्यावर माणूस सुधारतो. मी हे तुझ्यावर केलंय, हार्लन. तू दोन वर्षं बाकावर बसून माझ्या नावानं बोटं मोडत होतास."

"अजून मोडतो," हार्लन म्हणाला, पण हसला. आणि त्या हसण्याच्या भरात तो विचारून बसला, "आणि ग्रेडी? तो नाही का सुधारणार?"

प्रश्न बाहेर पडला आणि हार्लनच्या लक्षात आलं की मुलाचा बाप दोन हातांवर बसलाय. त्यानं टेबलावरचा पेन उगाच उचलला. मी एसीकडे बघू लागलो. आमच्या गावात स्टोक्सच्या पोराबद्दल स्टोक्ससमोर असं कुणी बोलत नसे. तो काही कुणाला खाणार नव्हता, पण रीत होती.

मॅब्रींनी सरळ स्टोक्सकडे बघितलं. "रँडल, तू मला विचारणार असशील तर सांगतो."

"विचारतोय."

"ग्रेडी आज जेवढा आहे तेवढाच नोव्हेंबरातही असेल. त्याला येण्यासारखं सगळं येतं. पोरगा प्रामाणिक आहे, त्यानं आपल्याजवळचं सगळं आधीच लावलंय. पण पाय जड आहेत, आणि ते हलके होणार नाहीत. आज तो क्यूपेक्षा चांगला खेळतो. महिन्याभरात क्यू त्याला मागे टाकेल, आणि सीझनच्या शेवटी तुम्ही दोघं म्हणाल की हा प्रश्न आपल्याला पडलाच कसा."

स्टोक्सनं हातातली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, टरफल व्यवस्थित बाजूला ठेवलं.

"हार्लन, तुझं मत बदललं?"

"नाही, सर. पण..." हार्लननं मॅब्रींकडे बघितलं. "या माणसाला मी लाइनबॅकरच्या बाबतीत चुकताना बघितलेलं नाही. मला ते आवडत नाही, पण नाही बघितलेलं."

"ठीक. जागा क्यूची," स्टोक्स म्हणाला. "पण क्लिओटिस, आत्ता जे बोललास ते ग्रेडीला तू सांगायचं. मी घरी गेल्यावर सांगणार नाही."

"मीच सांगणार होतो," मॅब्री म्हणाले आणि टोपी घालून उठले.

ग्रेडी मैदानाच्या कडेला पायाला पट्टी गुंडाळत बसला होता. मी माझ्या पोरांकडे निघालो होतो, पण पाय रेंगाळले. मॅब्री त्याच्यासमोर गवतात खाली बसले, आणि जे खोलीत म्हणाले होते तेच, एकही शब्द मऊ न करता, त्याला सांगितलं.

पोरगा लाल झाला. "माझं चुकलं काय, सर?"

"काहीच चुकलं नाही. तेच सांगतोय."

"मग ज्याचं रोज चुकतं त्याला जागा?"

"हो. कारण त्याचं चुकायचं थांबेल."

"आणि मी? मी मग सरावाला यायचंच कशाला?"

"ते तू ठरव, बाळा. मी तुला खोटी आशा देणार नाही. एक मात्र आहे, माझं म्हणणं खोटं पाडलंस तर सगळ्यात आधी मी टाळ्या वाजवीन."

ग्रेडीनं पट्टी पुरी गुंडाळली, हेल्मेट उचललं आणि निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो मॅब्रींशी 'हो सर, नाही सर' याच्या पलीकडे बोलला नाही. पण सरावाला यायचा. त्याला आता दुसऱ्या संघात घातलं होतं. पुढच्या शुक्रवारी जो प्रतिस्पर्धी असेल त्याची नक्कल करून पहिल्या संघाला तयार करायचं, हे त्यांचं काम. मार खायचं काम. तिथं तो रोज माझ्या गार्डांसमोर, म्हणजे फळीच्या मधल्या दोन दांडग्यांसमोर उभा राहायचा आणि रोज त्यांच्या अंगाखाली जायचा.

इकडे मॅब्रींनी क्यूला हातात घेतलं. पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "वेन्डेल, तुझे दोन्ही गार्ड दे. आणि तो चेंडू आत नेऊन ठेव."

"चेंडूशिवाय सराव?"

"चेंडूशिवाय."

क्यू उंच, काळाभोर, दोरखंडासारखे दंड. समोर फक्त दोन गार्ड, आणि चेंडूच नाही. तो गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला. "सर, मी बघू कशाकडे?"

"त्यांच्या कमरेकडे बघ. ते जिकडे जातील तिकडे तू. चेंडू खोटं बोलतो, क्यू. फेकणारा खोटं बोलतो, धावणारा खोटं बोलतो. सगळे तुला फसवायला घरून निघालेत. पण एवढा मोठा देह घेऊन गार्ड उगाच चुकीच्या बाजूला जात नाही, त्याला ते परवडत नाही."

आणि काय सांगू, चेंडू नव्हता तेव्हा पोरगा एकदाही चुकला नाही. गार्ड वळला की हा त्याच्या आधी तिथं. माझा एक गार्ड वैतागून म्हणाला, "कोच, हा माझ्या सावलीत राहायला आलाय का?"

मग मॅब्रींनी चेंडू आणला. पहिल्याच डावात क्यू सुटला, पुन्हा चुकीच्या बाजूला.

तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. "दिसला की पाय थांबतच नाहीत, सर. वाटतं, उशीर होईल."

"तुला कधी उशीर झालाय?"

"नाही, सर."

"मग घाई कशाची करतोस? अख्ख्या काउंटीत उभं राहून बघायला ज्याला वेळ आहे असा तू एकटा आहेस. बाकीच्यांना आधी निघावं लागतं, कारण ते तुझ्यासारखे पळू शकत नाहीत. तू थांब. एक श्वास थांब. मग जा."

थांबणं त्या पोराला सगळ्यात जड गेलं. ऑगस्ट संपला, शाळा सुरू झाली, आणि पहिल्या शुक्रवारी सामना आला तेव्हा तो सरावात दहापैकी सहा-सात वेळा थांबू लागला होता. हार्लन म्हणाला, "उरलेल्या तीन-चार वेळांत आपण हरू." मॅब्री म्हणाले, "हरू शकतो."

आणि हरलो. तेही आमच्याच मैदानावर, अख्ख्या गावासमोर. समोरच्यांनी चेंडू डावीकडे दाखवला आणि धावणारा उजवीकडून काढला. क्यू डावीकडे सुटला, उजवीकडे मोकळं रान. थोड्या वेळानं तोच डाव पुन्हा, आणि क्यू पुन्हा फसला. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ग्रेडीला घाला!" आणि मग ते ओरडणं पसरलं. बाकावर ग्रेडी मान खाली घालून बसला होता. रँडल स्टोक्स मैदानाकडे बघत उभा होता, जणू त्याला ऐकूच येत नव्हतं.

शनिवारी रूझवेल्ट गॅस्किनच्या सलूनमध्ये मॅब्री केस कापायला गेले. मी आधीच बसलो होतो. रूझवेल्टनं त्यांच्या गळ्याभोवती कपडा बांधला आणि म्हणाला, "क्लिओटिस, तुझ्या त्या गड्याला एक होकायंत्र घेऊन दे."

"दिलंय. वापरायला शिकतोय."

"कधीपर्यंत शिकेल? माझा नातू आत्ता दुसरीत आहे, तो खेळायला लागेपर्यंत?"

"तुझा नातू तुझ्यावर गेला असेल तर तोही बाकावरच बसेल. मागून कमी काप."

सलून हसलं. मॅब्रींच्या चेहऱ्यावर हरल्याची छटासुद्धा नव्हती, आणि याचीच लोकांना जास्त चीड यायची.

रविवारी चर्च सुटल्यावर मात्र वेगळी गाठ पडली. क्यूची आई व्हर्नेल पार्किंगमध्ये मॅब्रींच्या गाडीजवळ उभी होती. कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, एकटीनं मुलगा वाढवलेली बाई. अंगावर चर्चचा पिवळा झगा, आणि डोळे सुजलेले. मॅब्रींची बायको ओडेसा तिचा हात धरून उभी होती.

"मिस्टर मॅब्री, त्याला काढा," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडून सांगते असं समजा. लोक माझ्या पोराला बसल्या जागी मूर्ख म्हणाले. मी मागेच बसले होते, सगळं ऐकलं. रात्री त्यानं ताटाला हात लावला नाही."

"मिस व्हर्नेल, तो काय म्हणाला?"

"तो काही म्हणत नाही. तोच तर त्रास आहे."

"मग मी सांगतो तो काय म्हणेल. तिसऱ्यांदा तोच डाव आला होता, आठवतंय? शेवटाकडे?"

"मी तेव्हा बघतच नव्हते."

"गावातलं कुणीच बघत नव्हतं. तिसऱ्यांदा तो थांबला. उशिरा पोचला, पण बरोबर जागी पोचला. आता बाजू त्याला कळायला लागलीय, आणि तिथं लवकर पोचायचे पाय तुम्ही त्याला दिलेत. मी काढणार नाही त्याला. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"तुम्हाला एवढी खात्री कशी?" व्हर्नेलनं विचारलं.

"मी चाळीस वर्षं हेच बघतोय, बाई," मॅब्री म्हणाले. "आणि आज त्याला जेवायला बसवा. आमच्याकडेच चला दोघं. ओडेसानं डुकराची फासळी केलीय, आणि तिचा मक्याचा कॉर्नब्रेड खाऊन कुणी उपाशी उठलेलं मला माहीत नाही."

दुपारी पत्र्याच्या खोलीत आम्ही सामन्याचा व्हिडिओ लावला. हार्लन बोलायला तयारच होता. मॅब्रींनी त्याला हातानं थांबवलं आणि तो तिसरा डाव लावायला सांगितला. पडद्यावर चेंडू डावीकडे गेला. क्यूचा एक पाय डावीकडे उचलला गेला आणि हवेतच राहिला. त्यानं गार्डकडे बघितलं, पाय परत ठेवला आणि उजवीकडे गेला. हार्लननं ते मागे नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागे नेलं.

"तो पाय," हार्लन म्हणाला.

"तो पाय," मॅब्री म्हणाले.

हार्लननं तो डाव आणखी एकदा मागे नेला.

पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. क्यू अजून अधूनमधून फसायचा, पण एका सामन्यात एकाच गोष्टीला दोनदा नाही. गॅलरीतली ओरड कमी झाली, बंद झाली नाही. ग्रेडी बाकावरच होता.

मग हॅलस्टेडचा आठवडा आला. हॅलस्टेड म्हणजे नदीपलीकडचं गाव, आणि तिथल्यांशी आमची लग्नकार्यं होतात, पण फुटबॉलच्या आठवड्यात बोलणं होत नाही. मंगळवारी सरावात एझ्राचा घोटा मुरगळला. काही मोडलं नव्हतं, पण शुक्रवारी खेळणं शक्य नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तोच एझ्रा, ज्याच्याबद्दल कुणाला कधी विचारच करावा लागला नव्हता.

"आता ग्रेडी," हार्लन म्हणाला.

"दुसरं आहे कोण?" मॅब्री म्हणाले. त्यांना ते आवडलेलं नव्हतं, एवढं मला दिसलं. हॅलस्टेडचे धावणारे चपळ होते.

बुधवारी ग्रेडी क्यूच्या शेजारी उभा राहिला आणि माझी पहिली फळी समोर. मी माझ्या पोरांना धावेचा डाव दिला. अजून चेंडू हलायचा होता, तेवढ्यात ग्रेडी ओरडला, "धाव! उजवीकडे!" आणि दोन पावलं आधीच सरकला. चेंडू हलला, धाव उजवीकडे आली, आणि ग्रेडी जड पायांनी बरोबर तिथं उभा होता.

मी पास दिला. "पास! पास!" ग्रेडी मागे निघालाही होता.

मला वाटलं, माझे इशारे याला फुटलेत. मी डाव कानात कुजबुजून दिला. तरी तेच. मॅब्री मैदानात आले. "ग्रेडी, तुला कळतं कसं?"

पोरगा जरा घुटमळला. महिन्याभरात तो त्यांच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलत होता. "हातावरून, सर. गार्ड खाली वाकून जमिनीवर हात टेकतो ना. पुढं जायचं असलं की सगळा भार हातावर येतो, बोटं पांढरी पडतात. मागे सरायचं असलं की हात नुसता टेकवलेला असतो. आणि आडवं जायचं असलं की त्या बाजूची टाच आधीच उचललेली असते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "महिनाभर रोज मी त्यांच्या खालीच आहे, सर. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं."

माझे दोन्ही गार्ड आपापले हात वर करून बघायला लागले.

"हे सगळ्या गार्डांचं असतं?" हार्लननं विचारलं.

"हॅलस्टेडच्या दोघांचं आहे. मी त्यांचे सगळे व्हिडिओ बघितलेत."

मॅब्रींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. मग म्हणाले, "पुन्हा एकदा. आणि मोठ्यानं ओरड, क्यूला ऐकू गेलं पाहिजे."

शुक्रवारी नदीपलीकडे अर्ध्या गॅलरीत आमचं अख्खं गाव होतं. व्हर्नेल ओडेसाच्या शेजारी, दोघींच्या हातात टिनच्या डब्यात खडे घालून केलेले खुळखुळे. पहिल्या भागात हॅलस्टेड पुढे गेलं. ग्रेडीनं दोन वेळा बरोबर ओळखूनही त्यांचा धावणारा त्याच्या हातातून निसटला. पाय ते पायच. पण क्यूला त्याचा आवाज सापडला होता. ग्रेडी ओरडायचा आणि क्यू, ज्याला आजवर एक श्वास थांबावं लागायचं, त्याला तेवढंही थांबावं लागेना. दुसऱ्या भागात क्यूनं त्यांच्या धावणाऱ्याला एवढ्या वेळा आडवा केला की शेवटी तो उठताना क्यूलाच म्हणाला, "अरे, तुला दुसरं काम नाही का?"

शेवटाकडे आम्ही चार गुणांनी पुढे होतो, आणि हॅलस्टेडकडे चेंडू. तेव्हा त्यांनी पहिल्या सामन्यात क्यूला फसवणारा तोच डाव काढला. चेंडू डावीकडे दाखवला, अगदी झकास दाखवला, मीसुद्धा फसलो. ग्रेडीनंही "डावीकडे!" असा आवाज दिला, त्या गार्डनं पहिल्यांदाच त्याला चकवलं होतं. आमचे सगळे डावीकडे गेले.

क्यू जागचा हलला नाही. समोर गोंधळ, कानात ग्रेडीचा आवाज, आणि हा पोरगा नुसता उभा राहून गार्डच्या कमरेकडे बघतोय. मला वाटलं, आता गेलं. मग तो उजवीकडे सुटला. धावणारा मोकळ्या रानात निघालाच होता. त्यानं मान वळवली तेव्हा क्यू त्याच्या अंगावर होता. दोघं रेषेबाहेर, हॅलस्टेडच्या बाकांवर जाऊन आदळले.

क्यू उठला तो पळत ग्रेडीकडे आला. मला वाटलं, आता हा त्याला झापणार. पण तो म्हणाला, "परत ओरड. अजून एक डाव आहे." ग्रेडी ओरडला, बरोबर ओरडला, आणि सामना संपला.

रविवारी पत्र्याच्या खोलीत हार्लन खुर्चीवर बसलाच नाही, येरझारा घालत होता. एझ्राचा घोटा बरा झाला होता.

"एझ्रा परत," हार्लन म्हणाला. "जागा त्याची होती. त्यानं काही घालवलेली नाही."

"ग्रेडी," मॅब्री म्हणाले.

हार्लन येरझारा घालता घालता थांबला. "काय?"

"ग्रेडी राहील. धावेच्या डावांना ग्रेडी, पासच्या डावांना एझ्रा. क्यू दोन्हीकडे."

"कोच, याच टेबलावर बसून तुम्ही म्हणाला होतात, ग्रेडी आज जेवढा तेवढाच नोव्हेंबरात! याच टेबलावर! वेन्डेल साक्षीला आहे!"

"मला मध्ये घेऊ नकोस," मी म्हणालो.

"म्हणालो होतो," मॅब्री म्हणाले. "मी पायांकडे बघितलं. डोळे वाढतात हे मी धरलंच नाही. चुकलो. क्यूबद्दल नाही चुकलो, ग्रेडीबद्दल चुकलो. अर्धं माझं, अर्धं तुझं घे."

"मी हे लिहून घेऊ का?" हार्लनचा चेहरा उजळला होता. "तारीख घालून?"

रँडल स्टोक्स हसला. खरंच हसला, आवाज काढून. ऑगस्टपासून मी त्याचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. "घरी मी एक शब्द बोललो नाही, क्लिओटिस," तो म्हणाला. "महिनाभर. त्याची आई माझ्याशी बोलत नव्हती, तो माझ्याशी बोलत नव्हता. रोज जेवून झालं की व्हिडिओ लावून बसायचा. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय म्हणून तोंड फिरवून बसलाय."

"रागावलेलाच होता," मॅब्री म्हणाले. "माझ्यावर."

मग एझ्राला किती खेळवायचं यावर पुन्हा वाद सुरू झाला. हार्लन म्हणे, बरं झालेल्या पोराला अर्ध्यावर आणणं अन्याय. मॅब्री म्हणत, एझ्रा बिनतक्रार करेल. हार्लन म्हणे, बिनतक्रार करणाऱ्यालाच नेहमी कमी मिळतं. त्यात तथ्य होतं, आणि शेवटी स्टोक्सनं एझ्राला मॅब्रींनी सुचवलं होतं त्यापेक्षा जास्त खेळवलं. त्या वर्षी आम्ही राज्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि तिथं आमच्यापेक्षा चांगल्या संघाशी हरलो. क्यूला अलाबामातल्या एका कॉलेजानं घेतलं. व्हर्नेलनं त्याची सही करतानाची छबी कारखान्याच्या जेवणघरात लावली आहे, आणि तिथं जेवायला बसणाऱ्या कुणाचीही त्यातून सुटका नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारच्या वादानंतर, सोमवारी सराव सुरू व्हायच्या आधी मॅब्री मैदानात गेले. ग्रेडी तिथं आधीच होता, एकटाच, गार्डासारखा वाकून जमिनीवर हात टेकून बघत होता. कुठं भार दिला की काय दिसतं ते.

"ग्रेडी, मी तुझ्याबद्दल चुकलो," मॅब्री म्हणाले.

ग्रेडीनं मान वर केली. हात जमिनीवरच होता.

"हो, सर, चुकलात," तो म्हणाला. मग जरा सरकून जागा करत म्हणाला, "इथं या ना, समोरून बघा. उजव्या हातावर भार दिला की खांदा पण खाली जातो का, मला माझा दिसत नाही."

मॅब्री गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले आणि बघू लागले.